अटलांटाहून आई-बाबांना आणि मुलांना घेऊन स्मोकी माउंटन्समध्ये दोन रात्री तंबूत राहायचंय. कुठलं कॅम्पग्राउंड घ्यावं? तिथे घरचं जेवण करता येतं का?

सगळे सांगतात म्हणून एल्कमाँट किंवा केड्स कोव्ह घेऊ नका, स्मोकमाँट घ्या. ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कच्या मधोमध डोंगराची मुख्य धार आहे. तिच्या उत्तरेला टेनेसी, दक्षिणेला नॉर्थ कॅरोलायना. अटलांटाचा रस्ता दक्षिणेकडून चेरोकी गावात येतो आणि स्मोकमाँट तिथून थोडंसंच पुढे आहे. धारेपलीकडे टेनेसीत असलेल्या एल्कमाँटला जायचं तर तीन-साडेतीन तास गाडी चालवून झाल्यावर न्यूफाउंड गॅपचा ५,०४६ फुटांचा घाट ओलांडावा लागतो. संध्याकाळी धुकं उतरलं की तो घाट आई-बाबांना नकोसा होईल. स्मोकमाँट साधारण २,२०० फुटांवर आहे आणि वर्षभर उघडं असतं. बाल्सम माउंटन नावाचं कॅम्पग्राउंड फार सुरेख आहे, पण ते ५,३०० फुटांवर आहे आणि तिथे जुलैतही रात्री गारठा असतो. पायथा आणि शिखरं यांच्या तापमानात १० ते २० अंश फॅरेनहाइटचा फरक पडतो, त्यामुळे पायथ्याच्या गॅटलिनबर्ग गावाचं हवामान बघून कपडे भरू नका.

बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या साइटवर सहा महिने आधी उघडतं. ऑक्टोबरात पानं रंगतात, तेव्हाचे शनिवार-रविवार पहिल्याच दिवशी संपतात. मंगळवार-बुधवार मागे उरतात. आयत्या वेळी जाऊन जागा मिळेल या भरवशावर निघू नका. आत फोनला रेंज नसते, त्यामुळे गेटपाशी उभं राहून बुकिंगही करता येत नाही. एका साइटवर जास्तीत जास्त सहा माणसं राहू शकतात. आई-बाबा आणि मुलं धरून तुम्ही नेमके सहा असाल आणि आणखी एखादं कुटुंब येणार असेल तर दुसरी साइट घ्यावीच लागेल.

पैशांबाबत दोन गैरसमज हमखास असतात. पहिला पासचा. या पार्कला प्रवेशफी नाही, म्हणून नॅशनल पार्कांच्या वार्षिक पासचा इथे पार्किंगसाठी उपयोग होत नाही. मार्च २०२३ पासून १५ मिनिटांपेक्षा जास्त गाडी उभी करायची तर वेगळा पार्किंग टॅग लागतो. सुरू झाला तेव्हा त्याचे दर दिवसाला ५, आठवड्याला १५ आणि वर्षाला ४० डॉलर असे ठरले. टॅग गाडीच्या नंबरावर असतो आणि तो कागद काचेतून दिसेल असा ठेवावा लागतो, फोनवरचा फोटो चालत नाही. दुसरा गैरसमज ज्येष्ठांच्या सवलतीचा. ६२ वर्षांवरच्यांना कॅम्पिंगचं भाडं निम्मं होतं हे खरं, पण त्यासाठी लागणारा ज्येष्ठांचा पास फक्त अमेरिकेच्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना तो लागू नाही.

सोयींची कल्पना त्यांना आधीच द्या. फ्लशचे संडास आहेत, नळाला पिण्याचं थंड पाणी आहे. शॉवर नाही, गरम पाणी नाही आणि साइटवर वीजही नाही. बाबांना रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास नीट चालावा म्हणून लावायचं यंत्र) लागत असेल तर बॅटरी लागेल, आणि ती दोन रात्री पुरते का हे घरीच पूर्ण रात्र चालवून बघा. साइट निवडताना नकाशावर संडासापासून तिसरी-चौथी जागा बघा. अगदी लागून असलेल्या साइटवर रात्रभर दिवा आणि दाराची धडधड, आणि फार लांब घेतली तर मध्यरात्री मुळांवरून, खड्ड्यांतून चालणं. नदीकाठची साइट मोहात पाडते, पण बरोबर लहान मुलं आहेत. ओढ्यातले दगड शेवाळाने निसरडे असतात आणि वर पाऊस झाला की पाणी झपाट्याने चढतं. बुडून मृत्यू होण्याचे प्रकार या पार्कात घडतात, तेव्हा ही साइट सोडा.

तंबूसाठी बऱ्याच साइटवर खडी भरलेला चौथरा असतो. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक पिना त्यात वाकतात, म्हणून ८-१० इंची पोलादी खुंट्या आणि हातोडी न्या. खाली अंथरायचा प्लास्टिकचा कागद तंबूपेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन इंच आतच दुमडा. तो बाहेर राहिला तर पाऊस त्यावर पडून तंबूखालीच साठतो आणि पहाटे गाद्या ओल्या होतात. लोक तंबू गळतो म्हणून कंपनीला बोल लावतात, आणि बहुतेक वेळा कारण हा कागद असतो. इथे पाऊस भरपूर. पायथ्याला वर्षाला ५५ इंच, शिखरांवर ८५ इंचांच्या आसपास, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी सरी नेहमीच्याच. आई-बाबांसाठी घडीच्या खाटा न्या आणि खाटांवरही एक जाडसर गोधडी अंथरा, कारण खाटेखालून वाहणारी हवा गार लागते.

आता जेवण. घरचं सगळं करता येतं, पण पार्कात सुमारे १,९०० अस्वलं आहेत. खाणं उघडं सोडणं नियमाविरुद्ध आहे, त्याला दंड होतो. तुम्ही जेवत किंवा रांधत नसाल तेव्हा वासाची प्रत्येक वस्तू गाडीत, काचा पूर्ण वर आणि दारं लॉक. अस्वलाला गाडीचं हँडल उघडता येतं, म्हणून नुसतं दार लावून भागत नाही. वासाची वस्तू म्हणजे फक्त जेवण नव्हे. लोणच्याची बरणी, चिवडा-लाडवांचे डबे, बर्फाची पेटी यांबरोबर टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल, आईच्या सांधेदुखीचं मलम, बाळाची दुधाची बाटली आणि रिकामा कुकरसुद्धा. आईच्या उशाशी रात्री औषधाबरोबर खायला म्हणून ठेवलेली बिस्किटं हीच सर्वात मोठी चूक ठरते. तंबूत खाण्याचा कणही नको. ज्या अस्वलाला माणसाच्या खाण्याची चटक लागते, ते पुन्हा पुन्हा माणसांत येतं आणि बऱ्याचदा शेवटी त्याला मारावं लागतं. हे मनापासून सांगतो, कारण तो जीव आपल्या आळसापायी जातो.

शेगडी दोन बर्नरची प्रोपेनची न्या. एक पाउंडाचं सिलिंडर दोन्ही बर्नर मोठ्या आचेवर ठेवले तर जेमतेम तासभर पुरतं, म्हणून दोन रात्रींना तीन घ्या. पाच लिटरच्या कुकरात दोन वाट्या तांदूळ आणि वाटीभर मूगडाळ अशी खिचडी सहाजणांना पुरते. कांदा, मिरची, कोथिंबीर घरीच चिरून डब्यात भरा, म्हणजे टेबलावर सालं-देठं पडत नाहीत. पाऊस आला तरी शेगडी तंबूत नेऊ नका, कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. भांड्यांचं पाणी झुडपात ओतू नका. शितं गाळून कचऱ्यात टाका आणि पाणी सांडपाण्यासाठी दिलेल्या सिंकमध्ये ओता.

शेकोटीचं लाकूड अटलांटाहून नेऊ नका. पार्कात बाहेरचं लाकूड आणायचं तर उष्णता देऊन प्रमाणित केलेलं आणि तसा शिक्का असलेलंच चालतं. सालीखाली दडलेल्या अळ्या पुढच्या जंगलात पोहोचतात आणि एमराल्ड अॅश बोरर नावाच्या हिरव्या भुंग्याने इथली अॅशची झाडं अशीच गमावली. पार्कातलं खाली पडलेलं वाळकं लाकूड मात्र वेचून जाळायला परवानगी आहे.

फिरायचं म्हणाल तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ओकोनालुफ्ती व्हिजिटर सेंटरजवळच्या कुरणात जा. तिथे एल्क नावाची मोठी हरणं चरायला येतात. नाहीसे झालेले हे प्राणी २००१ मध्ये पुन्हा आणून सोडले. अस्वल असो की एल्क, ५० यार्ड लांब थांबा. कुवोही हे ६,६४३ फुटांचं सर्वात उंच शिखर. २०२४ पर्यंत त्याचं नाव क्लिंगमन्स डोम होतं. शेवटचा अर्धा मैल डांबरी पण फार चढाचा आहे, गुडघे दुखत असतील तर पार्किंगमधूनच दिसतं ते पुष्कळ. तिथला रस्ता १ डिसेंबर ते ३१ मार्च बंद असतो. केड्स कोव्हचा ११ मैलांचा एकेरी रस्ता गाडीत बसून बघता येतो, मात्र मे ते सप्टेंबर दर बुधवारी तो गाड्यांना बंद असतो आणि फक्त चालणाऱ्या-सायकलवाल्यांसाठी ठेवतात. तेव्हा तुमच्या दोन दिवसांत बुधवार येतोय का ते बघा. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत एल्कमाँटला एकाच लयीत चमकणारे काजवे दिसतात, भंडारदऱ्याला दिसतात त्याच सुमारास. पण त्यासाठी सोडत निघते आणि टॉर्चला लाल कागद लावावा लागतो.

पार्कात पेट्रोल पंप नाही, चेरोकीला टाकी भरूनच आत शिरा. नकाशे घरीच ऑफलाइन उतरवून ठेवा, आणि आई-बाबांच्या खिशात साइट नंबर, गाडीचा नंबर आणि औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी द्या.