वाचकांचे प्रश्न : चंद्रतालच्या वाटेवरील नाले

प्रश्न : येत्या सप्टेंबरमध्ये स्वतःच्या गाडीने हिमाचलातील चंद्रताल तलावाला जाण्याचा आमचा विचार आहे. गाडी डिझेल एसयूव्ही असली, तरी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) नाही. वाटेतील नाल्यांत ती अडकेल काय? पावसाळ्यात घोडबंदर रस्त्यावरच्या पाण्यातून गाडी काढण्याची मला सवय आहे.
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : आपले शेवटचे वाक्य वाचून काळजी वाटली, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. घोडबंदर रस्त्यावरचे पाणी साचलेले असते आणि त्याखाली पक्का रस्ता असतो. चंद्रतालच्या वाटेवरील ग्रांफू ते बातल या पट्ट्यातील नाले मात्र उतारावरून धावत येतात, पाणी राखाडी असल्यास तळ दिसत नाही आणि चाकाखालचे गोटे सरकतात. हे पाणी मुख्यतः वितळत्या बर्फाचे असल्यामुळे पहाटे घोटाभर असलेला नाला दुपारी गुडघ्याला लागू शकतो. फोर बाय फोरची उणीव बरीचशी वेळ साधून भरून काढता येते. म्हणून मनालीत टाकी भरून, अटल बोगदा ओलांडून पलीकडच्या सिस्सू गावी मुक्काम करावा आणि उजाडताच निघावे.

नाल्यापाशी आधी खाली उतरावे. पुढची गाडी कोठून जाते आणि तिची चाके कितपत बुडतात, हे नीट पाहावे. मग पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लच न करता, ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवून मध्ये न थांबता पलीकडे जावे. इंजिन पाण्यात बंद पडले, तर पुन्हा चालू करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. आत पाणी शिरले असल्यास एकदा स्टार्टर मारल्यानेही इंजिनातील कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो आणि दुरुस्ती फार महाग पडते. गाडी दोरीने ओढून काढणेच बरे. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून वाळवावेत.

बातलच्या पुढचा सुमारे चौदा किलोमीटरचा कच्चा रस्ता एकेरी आहे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. त्यामुळे रुंद जागा मागे कोठे गेली, हे लक्षात ठेवत जावे.

तलाव सुमारे ४,२५० मीटरांवर आहे आणि आपण समुद्रसपाटीवरून जात आहात. कोणाला डोकेदुखीसोबत उलट्या होऊ लागल्यास त्याच दिवशी खाली उतरावे. चंद्रताल २००५पासून रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे) पाणथळ क्षेत्र आहे. काठावर तंबू लावण्यास मनाई असून मुक्कामाचे तंबू बरेच अलीकडे असतात. तेव्हा गाडी वाहनतळावरच ठेवून शेवटचे अंतर पायी, सावकाश चालावे.