सकाळी थरथरते, सीएनजीवर लोण्यासारखी चालते

प्रश्न : माझी 2014 ची पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक आहे, सव्वा लाख किलोमीटर झालेत. डिसेंबर लागल्यापासून सकाळी सहाला सुरू केली की पहिली दोन-तीन मिनिटं इंजिन थरथरतं, आरपीएमचा काटा 600 ते 1000 मध्ये नाचतो, एखाद वेळी गाडी बंदच पडते. सीएनजीवर गेली की लोण्यासारखी चालते. प्लग नवे टाकले, थ्रॉटल बॉडी साफ केली, फरक शून्य. मेकॅनिक म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील, इंजिन खोलू. खोलू द्यावं का? – एक शिक्षक, निफाड

उत्तर : नका खोलू देऊ, सर. निदान आत्ता तरी.

सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. प्लग किंवा कॉइल कमजोर असती, तर गाडीने सीएनजीवरच आधी मिसिंग केलं असतं, म्हणजे झटके खाल्ले असते. रिंगा गेलेलं इंजिन गरम झाल्यावर थोडं सावरतं, पण लोण्यासारखं नाही चालत. मग संशयित उरले दोन, थंडी आणि पेट्रोल. घोळ असा, की तुमची गाडी पेट्रोलवर चालते ती फक्त थंड असतानाच. इंजिन जरा तापलं की किट आपोआप सीएनजीवर जातं. त्यामुळे दोष पेट्रोलचा असला तरी बोल थंडीला लागतो. आणि निफाडची थंडी तर काय, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला लावणारी. तिच्यावर कोणीही विश्वास ठेवेल.

दोघांना वेगळं करायचा उपाय फुकटचा आहे. उद्या सकाळी बटण दाबून गाडी पेट्रोलवरच ठेवा आणि पिंपळगावपर्यंत जाऊन या. इंजिन चांगलं तापल्यावर पेट्रोलवरच, न्यूट्रलमध्ये उभी करा. तरीही थरथरली तर थंडी निर्दोष.

माझा अंदाज तोच आहे. टाकीत पेट्रोल किती असतं ते तुम्ही लिहिलं नाही, पण सीएनजीवाल्यांची सवय मला ठाऊक आहे. दोनशेचं टाकायचं आणि दोन महिने विसरायचं. गेल्या थंडीत एका कांदा व्यापाऱ्याची गाडी हीच तक्रार घेऊन आली होती. मी शहाणपणा करून आधी टेंपरेचर सेन्सर बदलला. दुसऱ्या दिवशी गाडी परत दारात. मग टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. रंग कोऱ्या चहाचा, वास पेट्रोलचा कमी आणि रंगाच्या डब्याचा जास्त, आणि तळाशी बोटभर वेगळा थर, पाण्याचा. सेन्सरचे पैसे परत केले, दुसरं काय करणार!

पेट्रोलमधला जो हलका भाग थंडीत चटकन पेटतो, तोच पडून राहिल्यावर आधी उडून जातो. वर हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. रिकाम्या टाकीत ओलाव्याला जागाच जागा. उरलेला चिकट गाळ पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या बारीक भोकांत बसतो, मग फवारा उडायच्या ऐवजी धार पडते. पेट्रोलचा पंपही टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, तो कोरडा पडला तर त्याचं आयुष्य घटतं.

तेव्हा जुनं पेट्रोल काढून टाका, निम्मी टाकी ताजं भरा आणि दोन-तीन दिवस पेट्रोलवरच चालवा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर इंजेक्टर बाहेर काढून मशीनवर साफ करून घ्या, बसवताना ओ-रिंगा (रबरी कडी) नव्या टाकायला सांगा. पेट्रोलची लाइन दाबाखाली असते, ती घरी उघडायच्या फंदात पडू नका. पुढे आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर पेट्रोलवर फिरवत जा.

आणि तापल्यावर पेट्रोलवरही शांत चालली तर? मग खरंच थंडीचा दोष. गाडी आदल्या रात्रीच गॅरेजला ठेवा. अकरा वाजता तापलेली गाडी नेऊन मेकॅनिकला सकाळची तक्रार कशी दिसणार? पहाटे सुरू करण्याआधी, नुसती चावी फिरवून स्कॅनर लावायचा. रात्रभर उभ्या गाडीत इंजिनच्या पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. बाहेर 8 अंश असताना पाणी 40 दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. त्या भरवशावर कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतो आणि इंजिन उपाशी थरथरतं. आकडे जुळले तर इंजिन सुरू करून इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या रबरी नळ्यांच्या सांध्यांवर साबणाचं पाणी थेंब थेंब सोडा, कॉइल आणि पट्टे सांभाळून. जिथे आवाज बदलेल तिथून हवा ओढली जातेय. कडक झालेलं रबर गारठ्यात आकसतं, तापल्यावर पुन्हा घट्ट बसतं.

एक मात्र आजच बघा : कूलंटच्या बाटलीतली पातळी. ती आठवड्यागणिक उतरत असेल आणि धुराला गोडसर वास असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालच्या सीलचा, संशय घ्यावा लागेल. तेव्हा मात्र मेकॅनिकला अडवू नका.

प्रश्न : थंडीत गाडी निघण्याआधी दहा मिनिटं सुरू ठेवावी का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नको. अर्धा मिनिट पुरे. सुरुवातीला काटा 1200 च्या आसपास राहतो, तो हळूहळू 800 कडे उतरतो. तो उतरेपर्यंत दारात थांबायची गरज नाही, पहिले दोन-तीन किलोमीटर रेस न करता सावकाश चालवा. उभ्या गाडीपेक्षा चालती गाडी लवकर तापते, आणि शेजाऱ्यांची झोपही मोडत नाही.