कपाटातल्या भेटी

गणपतीला ती नवी मुंबईहून गावी आली होती. नोकरीतल्या ताणाबद्दल बोलायचंय म्हणून कुडाळला माझ्याकडे समुपदेशनाची वेळ घेतली होती. पण खुर्चीत बसल्या बसल्या तिने पिशवीतून डबे काढून टेबलावर मांडायला सुरुवात केली. गुलाबाच्या वासाचं बॉडी बटर, सुरकुत्यांसाठीचं नाइट क्रीम, चेहऱ्यावर चिकटवायच्या कागदी शीट मास्कचं पाकीट, लव्हेंडरचं तेल. (ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील बदलले आहेत.)

"चार वर्षांत आईला दिलेलं सगळं. कपाटात साड्यांखाली, डांबरगोळ्यांशेजारी मिळालं. दोनांची तारीख उलटून गेलीय." मग डोळे पुसत म्हणाली, "माझं तिला काही नकोच असतं. आता काय देऊ, म्हणजे ती जरा स्वतःकडे बघेल?"

हा प्रश्न दिवाळीच्या आधी तर माझ्याकडे हमखास येतो. मुली विचारतात, सुना विचारतात, क्वचित एखादा नवरा. सगळ्यांना क्रीमचं नाव हवं असतं. मी म्हटलं, आधी आईला घेऊन ये.

काकी आल्या त्या हातात तवसं, म्हणजे मोठी गावठी काकडी, घेऊन. रिकाम्या हाताने यायचं नाही हा त्यांचा नियम. आणि मी पहिल्याच दहा मिनिटांत चूक केली. "काकी, रोज अर्धा तास फक्त स्वतःसाठी काढायचा," असं म्हणाले. त्या हसल्या. "अर्धो तास? तो खंयसून काडू? आणि बाय, तू काडतंस काय?" त्या दिवशी मी दुपारचं जेवण चार वाजता केलं होतं. गप्प बसले.

मग मी सल्ला सोडून त्यांचा दिवस विचारला. सकाळी साडेपाचला चूल, मग काजूच्या छोट्या कारखान्यात बी फोडायला, संध्याकाळी घर, रात्री दहाला भांडी. "क्रीम लावूचा कदी? हात सुके रवतत खंय?"

बोलताना त्यांनी हात टेबलावर ठेवले. बोटांची टोकं काळपट, कातडी सोललेली, अंगठ्याजवळ चीर. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. आंबा, काजू, बिब्बा हे एकाच कुळातले. आंब्याच्या चिकाने तोंड उततं ते ठाऊक असणाऱ्याला वेगळं सांगायला नको. बायका बी फोडण्याआधी हाताला तेल किंवा राख लावतात, तरी व्हायचं ते होतंच. चार डब्यांपैकी एकाचंच सील फुटलेलं होतं, बॉडी बटरचं. काकींनी ते एकदा लावलं होतं. चिरांमध्ये असं झोंबलं की हात धुऊन टाकले.

"मग सांगितलंस का नाहीस?" मुलगी.

"तुका वायट वाटात म्हणान."

नाइट क्रीमची गोष्ट तर आणखी वेगळी. त्यावर काय लिहिलंय ते शेजारणीने वाचून दाखवलं. "सुरकुत्यो जातत म्हणता. माजा तोंड बगून हाडल्यान काय ह्या?" मुलीला हे ऐकून धक्काच बसला. तिच्या मनात तसलं काही नव्हतं. पण डब्यावरचे शब्द भेट देणाऱ्याचेच वाटतात, त्याला इलाज नाही. सुनेला 'उजळ कांती'वालं क्रीम देणाऱ्या सासूबाईंना मी हेच सांगते, आणि त्या माझ्यावर रुसतात.

हाताला काकी काय लावत होत्या? दुकानातून 'खाजेचं मलम' म्हणून आणलेली ट्यूब. वाचली तर क्लोबेटासोल, म्हणजे स्टेरॉइड. महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने लावलं तर कातडी पातळ होते. ते काम माझं नव्हे. त्याच आठवड्यात त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. जखमी हाताला आधी औषध, भेटवस्तू नंतर.

थंडीत टाचांना मात्र त्या न चुकता मुठेल लावायच्या, समईच्या ज्योतीवर वितळवून. कोकमाच्या बियांचं हे तेल मुठीत वळून ठेवतात. साधारण 38 ते 40 अंशाला वितळतं, म्हणून फळीवर घट्ट राहतं आणि अंगावर चोळलं की मऊ होतं. मुलीने मॉलमधून 'कोकम बटर'चं महागडं लोशन आईसाठी हेरून ठेवलं होतं! आम्ही तिघी पुष्कळ हसलो.

त्यानंतर आम्ही जे ठरवलं त्यात खरेदी थोडीच होती. एक बिनवासाचं, ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेली असलेलं क्रीम, तेही छोटं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून बघायचं, आणि डॉक्टर हो म्हणाले तरच हातांना. ठेवायचं मोरीजवळच्या फळीवर, म्हणजे हात धुतल्यावर ओलसर असतानाच लागेल. कपाटात गेलं की संपलं. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात जाड क्रीम अंगावर चिकटून बसतं, ते थंडीसाठी राखावं.

आणि रात्रीची भांडी धाकट्या भावाने घासायची. ही भेट मिळवायला मुलीला चार फोन करावे लागले. काकींचाच विरोध जास्त. "तेका जमाचा नाय," म्हणत त्या त्याच्या मागे उभ्या राहायच्या. पहिल्या आठवड्यात त्याने बिड्याचा तवा साबणाने खसाखसा घासून ठेवला, आणि काकींनी आठ दिवस त्याचा उद्धार केला. तरी भांडी परत हातात घेतली नाहीत.

मुलीशी मात्र मी एकटीने आणखी दोनदा बोलले. वर्षातून दोनदा गावी येणं होतं, मधल्या महिन्यांची भरपाई ती पार्सलने करत होती, आणि आई पार्सल उघडत नाही म्हटल्यावर ती भरपाई वसूल होत नव्हती. हे तिचं तिलाच म्हणता आलं. झोप तिलाही लागत नव्हती.

तुळशीच्या लग्नानंतर काकी आल्या. हात पूर्ण बरे नव्हते, पण चिरा मिटल्या होत्या. जाताना दारात थांबून हळूच म्हणाल्या, "ता पांढऱ्या कागदाचा पाकीट होता मा, तेची तारीख रवलली. काल रात्री एक तोंडार लावन पडवेर बसलंय. शेजारचो पोर बोंब मारीत पळालो."