घाटमाथा तुकड्यांनी चालताना: सांधा नीट जुळवा

या महिन्याच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला: लांबलचक डोंगरवाट एका दमात न चालता, सुट्टी मिळेल तशी, वर्षानुवर्षं चालायची. म्हणून हे सदर सगळं त्यालाच दिलं आहे.

प्रश्न: भीमाशंकर ते महाबळेश्वर घाटमाथा चालायचा आहे. बँकेत नोकरी असल्याने वर्षात तीन-चार जोडसुट्ट्याच हाती लागतात. तुकडे कसे पाडावेत? आणि असं चाललेलं ‘पूर्ण केलं’ म्हणता येतं का? (वाचक, कोथरूड)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: म्हणता येतं. अमेरिकेतली अपॅलेशियन ट्रेल १४ राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाते. तिची काळजी वाहणारी संस्था एका हंगामात सलग चालणाऱ्यांची आणि वीस वर्षं तुकड्यांनी चालणाऱ्यांची नोंद सारख्याच मानाने करते. वेग, क्रम, दिशा, मुदत कशाचीही अट नाही. वाट सगळी चाललेली असावी आणि ते ज्याचं त्याने खरं सांगावं, एवढंच. आपल्याकडे नर्मदेची खंड परिक्रमा करणारेही जिथे सोडली तिथून पुढे उचलतातच की.

आपल्या घाटमाथ्यावर मात्र रंगाच्या खुणा केलेली एक सलग वाट नाही. गावं जोडणाऱ्या पाऊलवाटा, धनगरांच्या वाटा, बैलगाडीचे रस्ते तुम्हालाच ओवायचे आहेत. त्यामुळे पहिल्या दिवसाआधीच आपले नियम वहीत लिहून ठेवा. मधला डांबरी रस्ता चालायचा की गाडीने ओलांडायचा, हे आत्ताच ठरवा. आमचं मत: चालायचा. एकदा चार किलोमीटर गाडीने गेलात की पुढच्या वेळी आठ जातात.

तुकडे पाडताना नकाशावर सारखी लांबी मोजत बसू नका. एसटी, जीप किंवा लोकल मिळते तिथे तुकडा तोडायचा. भीमाशंकर ते लोणावळा एकदम करायला तीन दिवस धरावे लागतात. पण वांद्रे खिंड, कुसूर पठार करून आंदर मावळात उतरलात, तर टाकव्यावरून कान्हे स्टेशन गाठता येतं. पुढच्या खेपेला कुसूरपासून ढाकच्या बाजूने कोंडेश्वराच्या जांभिवलीला आलात की कामशेत जवळ. लोणावळ्याच्या दक्षिणेला तेलबैला आणि घनगड धरून ताम्हिणीपर्यंत गेलात की पुणे–माणगाव रस्ता आडवा येतो. त्यापुढचा, पानशेतच्या पाण्यामागून घोळ गावावरून मोहरी-सिंगापूरकडे जाणारा भाग आडबाजूचा आहे, गाड्या मोजक्या. तो तीन दिवसांच्या सुट्टीसाठीच राखून ठेवा. मग केळद, मढे घाटाचं तोंड आणि भोर–महाड रस्त्यावरचा वरंधा.

मुक्कामी एसटीचा उपयोग बहुतेक जण उलटा करतात. संध्याकाळी गावात येऊन पहाटे परतणारी ही गाडी परतीसाठी पकडायला गेलात, तर शेवटच्या दिवशी दुपारीच चालणं थांबवून रात्र काढावी लागते. तिने आदल्या संध्याकाळी जायचं आणि उजाडताच निघायचं. अर्धा दिवस वाचतो. गाडीची वेळ त्या गावातल्या दुकानदाराला विचारा. गाडी प्रत्यक्षात येते का, हे त्यालाच पक्कं ठाऊक असतं.

दिवसाचा पल्ला ठरवायला स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ सालचा हिशेब प्रसिद्ध आहे: ताशी पाच किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाईला एक तास. तंबू, शिधा, पाणी घेऊन सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर तो चालत नाही. ताशी तीन किलोमीटर आणि दर ३०० मीटर चढाईला एक तास धरा. १५ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ म्हणजे पाच आणि तीन, आठ तास. विसावे धरून साडेनऊ. डिसेंबरात उजेड जेमतेम अकरा तास असतो. याहून मोठा दिवस आखू नका.

प्रश्न: मागच्या डिसेंबरात एका गावात थांबलो. यंदा ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथूनच निघालो, पण मोबाइलमध्ये नकाशा आणि ट्रॅक (वाटेची जीपीएस नोंद) असूनही दोन तास कारवीच्या झुडपांत फिरून परत आलो. कुठे चुकलं? (वाचक, सिंहगड रस्ता)

चूक डिसेंबरातच झाली. गावात तुम्ही वरून उतरलात आणि गाडीत बसलात. गावातून पुढे निघणारी वाट पाहिलीच नव्हती. तुकड्यांनी चालण्यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो या सांध्यावर.

थांबण्याआधी वीस मिनिटं राखून ठेवा. सॅक ओट्यावर टेका आणि पुढच्या वाटेची पहिली तीन-चारशे पावलं चालून या. प्रत्येक फाट्यावर पुढे तोंड करून एक फोटो, मागे वळून एक. मग वहीत अशी नोंद करा: ‘शाळेमागचा हातपंप, बांधावरून सरळ, दुसरा फाटा डावा, ओढा कोरडा, तारीख.’ पाण्यासमोर तारीख हवीच. डिसेंबरात भरलेलं टाकं मार्चमध्ये तळाला गेलेलं असतं. पुढच्या वेळी सांध्याच्या अर्धा किलोमीटर मागून सुरुवात करा. आधीची वाट ओळखीची निघाली की पुढचीही नजरेत बसते.

गावात विचारण्याचीही एक रीत आहे. ‘ही वाट मोहरीला जाते का?’ असं विचारलं, की समोरचा माणूस सौजन्याने ‘हो, जाती’ म्हणतो. ‘मोहरीची वाट कुठली?’ असं विचारा, म्हणजे तो हात करून दाखवेल आणि वाटेतल्या खुणाही सांगेल.

कारवीत बहुतेक जण ढोरवाटेला लागून चुकतात. ती ओळखता येते. ढोरवाट उतारावर एकाला समांतर अशा चार-पाच रेघांत फुटते, कमरेएवढ्या उंचीवरच्या फांदीखालून बिनदिक्कत जाते आणि गवतात किंवा पाणवठ्यावर संपते. माणसांच्या वाटेवर खांद्याच्या उंचीला कोयत्याने तिरक्या छाटलेल्या फांद्या दिसतात. जुना घाव काळपट, ताजा पांढरा. दगड मधोमध घासून गुळगुळीत झालेले असतात. पन्नास पावलांत एकही कोयत्याचा घाव दिसला नाही, तर तिथेच थांबून शेवटच्या खात्रीच्या जागी परत या.

ट्रॅकबद्दल दोन गोष्टी. दाट झाडीत किंवा कड्याला खेटून चालताना मोबाइलची नोंद बरीच सरकते आणि दोन वाटा शेजारी असल्या तर चुकीची दाखवते. दुसरं, सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) उंचीच्या दर २० मीटरला असतात. १५ मीटरचा उभा कातळटप्पा त्या दोन रेषांच्या मधे दडून जातो. नकाशात मऊ दिसणारी डोंगराची सोंड खाली तुटलेली असू शकते. ट्रॅकच्या फाइलला गाव आणि तारखेचं नाव द्या आणि तिची प्रत मोबाइलबाहेर ठेवा. दहा वर्षांत मोबाइल तीनदा बदलतो.

आणि महिना बदला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गवत पुरुषभर असतं. दिवाळीनंतर ते वाळतं, कापलं जातं, वाटा मोकळ्या होतात.

प्रश्न: तीन वर्षांपूर्वी घेतलेले, पाच-सहा वेळाच घातलेले बूट दुसऱ्याच तासाला तळव्यातून सुटले. माल खराब होता का? (वाचक, चिंचवड)

तसंच असेल असं नाही. बऱ्याच ट्रेकिंग बुटांच्या तळव्यात मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाने तो आतून फुटत जातो, बूट न वापरताही. पुण्याचे तीन पावसाळे माळ्यावर, तेही खोक्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून काढले, तर थर भुसभुशीत होतो आणि वजन पडताच खालचं रबर पोपडा निघावा तसं सुटतं. वर्षाआड एखादा तुकडा चालणाऱ्यांना हे हमखास भोवतं. निघायच्या पंधरा दिवस आधी बूट दोन्ही हातांनी वाकवा आणि मधल्या थरात अंगठ्याचं नख दाबा. बारीक भेगा किंवा चुरा दिसला की तो बूट डोंगरात नेऊ नका. चांगला दिसला तरी तासभर वेताळ टेकडीवर चालवून बघा. सॅकमध्ये दोन मीटर बारीक दोरी आणि कापडी चिकटपट्टी असावी. चवड्याखालून आणि टाचेखालून आवळून बांधलं, तर गावापर्यंत पोचता येतं.

हेडटॉर्चमधले सेल दर खेपेनंतर काढा. गळून पट्ट्यांवर पांढरा थर आला असेल, तर कापसाला थोडं व्हिनेगर लावून पुसा आणि पूर्ण वाळवा. ओआरएसच्या पुड्यांची मुदतही बघून घ्या.

प्रश्न: महाबळेश्वरच्या पुढे कोयनेच्या रानातून वासोटा किल्ल्यापर्यंत माथ्यानेच जाता येईल का? (वाचक, सातारा रस्ता)

नाही. कोयना अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वासोट्याला वनखात्याच्या परवानगीने बामणोलीहून लाँचने कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडून जायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं; मुक्कामाला मनाई आहे. वहीत तिथे ‘खंड’ असं स्पष्ट लिहा. चोरवाटेने तो भरून काढू नका. भीमाशंकरही १९८५ पासून अभयारण्य आहे. तिथे शिरतानाही वनखात्याला विचारून घ्या.

प्रश्न: वय ५२. उतारावर गुडघे दुखतात. सोपे तुकडे आधी करून सवय करावी, की अवघड आधी उरकावेत? (वाचक, धनकवडी)

अवघड आधी. मोहरीजवळून कोकणात उतरणाऱ्या बोराट्याच्या नाळेसारखी उतराई आणखी आठ वर्षांनी सोपी होणार नाही. लोणावळ्याजवळचा टप्पा तेव्हाही जमेल. फक्त त्याआधी तीन महिने तयारी हवी. सिंहगड आतकरवाडीतून चढा आणि उतराही पायीच. वरून जीपने आलात तर ज्यासाठी गेलात तेच राहिलं. सुमारे ६०० मीटरचा हा उतार पुण्याजवळ सरावाला उत्तम आहे. पहिला महिना सॅकमध्ये सहा लिटर पाणी भरून चढा, पण वर ओतून टाकून रिकामे उतरा. दुसऱ्या महिन्यात निम्मं पाणी खाली आणा, तिसऱ्यात सगळं. मधे दुखणं वाढलं, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

उतरताना पावलं आखूड टाका आणि गुडघा किंचित वाकलेला ठेवा. काठ्या दोन घ्या. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी लांबी, उताराला पाच ते दहा सेंटिमीटर जास्त. पिळून घट्ट होणाऱ्या काठ्या धूळ गेल्यावर ऐन उतारावर आत सरकतात. घरी त्यांचे भाग सुटे करून कोरड्या फडक्याने पुसा. तेल लावू नका, नाहीतर पकड सुटते. प्रत्येक उताराआधी काठीवर अंगाचा भार टाकून ती बसते का ते बघा.