न्यू जर्सीत दिवाळीच्या सुमारास अंगण रंगलेलं हवं, तर कोणती झाडं लावावीत?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत घर घेतलंय, समोर चाळीस फूट मोकळी जागा आहे, दिवाळीला माणसं येतात तेव्हा फॉलचा लाल रंग दिसावा, आणि त्यासाठी बर्निंग बुश हे झुडूप लावू का.

बर्निंग बुश नको. रंग भडक येतो हे खरं, पण पक्षी त्याचं बी जवळच्या रानात नेतात आणि तिथली मूळची झुडपं त्याखाली दबून जातात. मॅसॅच्युसेट्समध्ये २००९ पासून त्याची विक्रीच बंद आहे. ब्रॅडफर्ड पेअर हे शोभेचं झाडही टाळा. त्याच्या फांद्या खोडाशी इतक्या अरुंद कोनात असतात की झाड मोठं झालं की वादळात उभं चिरतं.

आता दिवाळीचं गणित. लक्ष्मीपूजन २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला, २०२७ मध्ये २९ ऑक्टोबरला आणि २०२८ मध्ये १७ ऑक्टोबरला आहे. एका झाडाचा ऐन रंग मात्र जेमतेम दोन आठवडे टिकतो. म्हणून कोणतं झाड जास्त लाल, यापेक्षा कोणतं कधी रंगतं ते बघून निवडा.

तुमच्या जागेत मोठं झाड एकच मावेल. मी रेड मेपलची ‘ऑक्टोबर ग्लोरी’ ही जात घेईन. ती उशिरा, साधारण ऑक्टोबरच्या शेवटी रंगते. पाटीवर नुसतं ‘रेड मेपल’ असेल तर घेऊ नका, बियांपासून केलेलं झाड पिवळंही निघतं. ‘ऑक्टोबर ग्लोरी’ ४०-५० फूट वाढते आणि तिची मुळं वरवर पसरतात, त्यामुळे घरापासून २० फूट आणि ड्राइव्हवेपासून निदान १० फूट लांब ठेवा. नर्सरीत सप्टेंबरातच लाल झालेलं रोप बघून भुलू नका. बऱ्याचदा ते कुंडीत तहानलेलं असतं.

खरी मजा झुडपांत आहे. माझी पहिली पसंती इटिया, जात ‘हेन्रीज गार्नेट’. तीन-चार फूट उंची, जूनमध्ये पांढरे तुरे आणि नोव्हेंबरात बराच काळ टिकणारी गडद पानं. त्याची एक फांदी हातात धरून पाहा: टोकाची उन्हातली पानं वाइनसारखी, आतली सावलीतली अजून हिरवट-पिवळी. लाल रंगाला ऊन लागतं, ते असं एकाच फांदीवर दिसतं. म्हणून रोज सहा तास ऊन येईल अशीच जागा द्या. चार-चार फुटांवर तीन लावा, मुळांतून फुटवे येऊन मधली जागा आपोआप भरते.

ऑक्टोबरच्या मध्यासाठी फॉदरगिला लावा. त्याच्या एकाच झुडपावर पिवळा, नारिंगी, लाल सगळं येतं. ब्लूबेरीही सुंदर लाल होते, वर फळं मिळतात. पण तिला आम्ल माती लागते, पीएच ४.५ ते ५.५. घराच्या पायाला चिकटून लावली तर काँक्रीटच्या चुन्याने पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पानं गळाल्यावरही रंग हवा असेल तर विंटरबेरी या झुडपाच्या ‘विंटर रेड’ या मादी जातीसोबत ‘सदर्न जंटलमन’ हा नर लावा. नर नसेल तर लाल फळं धरत नाहीत.

बरीच झाडं खोल लावल्यामुळे मरतात. खोड जिथे रुंद होऊन मुळांत उतरतं तो भाग बोटांनी माती उकरून शोधा. कुंडीतल्या झाडात तो कधी कधी दोन-तीन इंच खाली गाडलेला असतो. तो जमिनीच्या वर दिसायलाच हवा. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद करा, पण गड्ड्यापेक्षा खोल नको. गोल फिरलेली मुळं कापा. मल्च, म्हणजे मातीवर पसरायचा लाकडाच्या सालीचा थर, दोन-तीन इंच पुरे, आणि खोडापासून तीन इंच दूर. खोडाभोवती ढीग रचलात तर साल कुजते.

झुडपं सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर लावा, मेपल मात्र वसंतात. फॉलमध्ये हरणं कोवळ्या खोडावर शिंगं घासून साल सोलतात, तेव्हा त्याभोवती चार-पाच फूट उंच तारेची जाळी घाला. पाऊस नसेल त्या आठवड्यात एकदा मुळांपर्यंत पोचेल असं पाणी द्या, आणि पहिल्या वर्षी हे जमीन गोठेपर्यंत थांबवू नका.