रत्नागिरीत वादळात वीज गेली की छतावरचे सोलरही बंद का पडते?
हा बिघाड नव्हे. नेट मीटरिंगचा, म्हणजे जादा सोलर वीज महावितरणच्या लाइनमध्ये सोडण्याच्या व्यवस्थेचा, साधा इन्व्हर्टर महावितरणच्या लाइनमधील व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी यांच्याशी जुळवून घेऊनच चालतो, त्यामुळे लाइन बंद पडताच तोही आपोआप थांबतो. माडाची झावळी तारांवर पडून वीज गेली असताना खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून उलट्या गेलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी हे संरक्षण सक्तीचे आहे. ते कोणाच्याही सांगण्यावरून निकामी करू नये. वीज गेल्यावरही दिवे-पंखे हवे असतील, तर हायब्रिड (लाइन नसताना बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल. खर्च बराच वाढतो, म्हणून बॅटरी गरजेपुरतीच घ्यावी. किनाऱ्यालगत घर असल्यास अर्थिंगचे सांधे पावसाळ्यापूर्वी अवश्य तपासावेत, कारण खाऱ्या हवेत ते लवकर गंजतात.