या वयात अफू सोडवली तर हृदयाला झेपेल का?

व्यसनमुक्तीच्या कामात हा प्रश्न मला रुग्णापेक्षा त्याच्या मुलाकडून किंवा सुनेकडून जास्त ऐकायला मिळतो. त्यामागे दोन समजुती असतात. अफू हृदयाला जपते, ही एक. इतक्या वर्षांची सवय मोडली तर माणूसच हातचा जाईल, ही दुसरी. पहिली साफ चुकीची आहे. दुसरीत थोडं तथ्य आहे आणि तेवढ्यावरूनच घरचे लोक घाबरतात.

साठीच्या आसपासचे एक काका आमच्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कुटुंब मूळचं राजस्थानातल्या बाडमेरकडचं, दोन पिढ्या महाराष्ट्रात, फरशी-संगमरवराचा धंदा. गावाकडे लग्न असो की कुणी गेल्यानंतरची बैठक, पाहुण्याला ओंजळीत अफूचं पाणी द्यायची रीत, आणि नाही म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. काका तरुणपणी तिथेच घ्यायला लागले. पुढे सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी ठरून गेली. दारूला ते कधी शिवले नाहीत, म्हणून घरात त्यांना कुणी व्यसनी म्हटलंच नाही. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमच आणि राजस्थानात चित्तोडगडच्या पट्ट्यात अफूची शेती सरकारी परवान्यावर चालते आणि सगळं पीक सरकारला द्यावं लागतं. त्यामुळे काकांपर्यंत पोचणारी प्रत्येक पुडी बेकायदाच होती, हेही त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं.

त्यांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली आणि हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना आमच्याकडे पाठवलं. पहिल्या भेटीत मुलगा जरा चिडूनच म्हणाला, "ताई, आयसीयूत डॉक्टरांनीच पप्पांना मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं. ते अफूतलंच ना? मग अफू हृदयाला वाईट कशी?"

प्रश्न रास्त होता. मी त्याला सांगितलं, की मॉर्फिन अफूतूनच निघतं आणि असह्य वेदना शमवायला ते मोजून, मॉनिटरवर नजर ठेवून देतात. बंद पडलेली रक्तवाहिनी मात्र त्याने उघडत नाही, ती अँजिओप्लास्टीने उघडली. पुडीतल्या अफूत मॉर्फिन साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतं, पण ते प्रत्येक पुडीत कमीजास्त होतं, आणि भेसळ कशाची आहे ते विकणारासुद्धा सांगू शकत नाही. इराणमध्ये २०१६ साली अफूत शिसं मिसळलेलं निघालं आणि कितीतरी माणसं शिशाच्या विषबाधेने दवाखान्यात भरती झाली.

इराणचं नाव मी मुद्दाम घेतलं. अफू रक्तदाबाला, साखरेला आणि हृदयाला चांगली, ही समजूत तिथेही घराघरात आहे. तिथल्या गोलेस्तान प्रांतात चाळिशी ओलांडलेल्या ५०,००० हून अधिक लोकांची नोंद ठेवून त्यांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला गेला. २०१२ साली निष्कर्ष छापून आले. वय, तंबाखू वगैरेंचा हिशेब धरूनही अफू घेणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या १.८६ पट निघालं, आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचं चित्रही तसंच होतं. आजारी पडल्यावर दुखतं म्हणून काहींनी अफू सुरू केली असेल, ही शंका अभ्यासकांनाही आली. अशा लोकांना वगळून त्यांनी पुन्हा हिशेब केला, तरी निष्कर्ष टिकला. मुलाने हे शांतपणे ऐकून घेतलं. काका भिंतीकडे बघत होते.

त्यांना बोलतं केलं ते सुनेने. "पप्पा, त्या दोन दिवसांचं सांगा ना ताईंना." मग कळलं, की अटॅकच्या आधी दोन दिवस त्यांना छातीत दडपल्यासारखं होत होतं. गोळी थोडी मोठी घेतली की बरं वाटायचं, म्हणून तेवढ्याने ते निभावत राहिले. दवाखान्यात पोचले तेव्हा हृदयाच्या स्नायूचा काही भाग कायमचा गेला होता. अफूचा हृदयाला होणारा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात घातक अपाय मला हाच वाटतो. हृदय दुखून हाक मारतं आणि अफू ती हाक दाबते. आतली गुठळी मात्र वाढतच राहते. अटॅकमध्ये तर मिनिटा-मिनिटाला किंमत असते.

बाकीचं नुकसान हळूहळू होतं. अफू श्वास मंदावते, विशेषतः झोपेत, आणि अधू हृदयाला प्राणवायू कमी मिळतो. आतड्यांची हालचाल मंदावते, बद्धकोष्ठता होते, माणूस कुंथतो आणि तो ताण हृदयावर पडतो. मॉर्फिनमुळे रक्तात गुठळी होऊ न देणाऱ्या काही गोळ्या शरीरात उशिरा भिनतात. जोडीला बिडी-सिगारेट असली तर विचारायलाच नको, आणि काकांच्या जोडीला बिडी होतीच.

आता दुसरी समजूत. अँजिओप्लास्टीनंतर दवाखान्यात अफू आपोआप बंद झाली. तिसऱ्या दिवशी काकांना घाम फुटला, ओकाऱ्या, जुलाब, अंगभर ठणका, नाडी धावायला लागली, रक्तदाब चढला. घरच्यांना वाटलं, पुन्हा अटॅक. त्यांच्या धाकट्या भावाने चहातून गोळी दिली आणि तासाभरात काका शांत झाले. झालं! अफूविना हृदय चालत नाही, हे घरात पक्कं झालं. डॉक्टरांना कुणी अफूबद्दल सांगितलंच नव्हतं. पोलिसांची भीती.

मी घरच्यांना समजावलं, की तो सगळा त्रास अफू एकदम तुटल्याचा होता. वर्षानुवर्षं अफूने दाबून ठेवलेली शरीराची यंत्रणा एकदम मोकळी सुटते, अ‍ॅड्रेनालिनसारखी रसायनं उसळतात. जोर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतो, मग ओसरतो. धडधाकट माणसाला यात जिवाचा धोका सहसा नसतो, हाल मात्र फार होतात. पण नुकताच अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या हृदयावर हा ताण पडणं बरं नव्हे. म्हणून कोंडून ठेवून, पुड्या फेकून, शपथा घालून घरी अफू सोडवायची नाही. तसंच, ताण पडेल म्हणून आयुष्यभर अफू चालू द्यायची, हेही नाही. दोन्हींच्या मधली वाट औषधांची आहे.

आमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून, ईसीजी पाहून बुप्रेनॉर्फिन हे अफूची जागा घेणारं औषध सुरू केलं. ही गोळी जिभेखाली ठेवतात. अफू तुटल्याचा त्रास सुरू झाल्यावरच पहिली द्यायची असते, आधी दिली तर उलट त्रास वाढतो. तलफ आणि अंगमोड दोन्ही आवाक्यात राहतात आणि रक्तदाबाच्या उड्या थांबतात. सुनेने विचारलं, जुलाबांसाठी लोपरामाइड देऊ का? डॉक्टर सांगतील तेवढीच, असं मी तिला बजावलं. अफूची तलफ भागवायला काही जण त्या गोळ्या मुठीने खातात, आणि मोठ्या मात्रेत त्यांनी हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू झालेले आहेत.

पोलिसांच्या भीतीबद्दल थोडं थांबून बोलते, कारण या भीतीपायी लोक डॉक्टरांपासून लपवतात आणि चुकीचे उपचार होतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच कलम ६४ अ आहे. स्वतःच्या सेवनाबद्दल किंवा अल्प मात्रेबद्दल आरोप असलेला व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हृदयाच्या डॉक्टरांना अफू, किती आणि किती वर्षं, हे पहिल्याच भेटीत सांगा. कुणाला विचारावं हेच कळत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.

काका सुरुवातीला माझ्याशी फारसं बोलत नसत. एकदा म्हणाले, "सोडली तर गावात बसायचं कुणात?" त्यांची खरी धास्ती हीच होती. हृदयाचं कारण घरच्यांनी पुढे केलं होतं. मग आम्ही त्यावरच काम केलं. बैठकीत ओंजळ पुढे आली तर हात जोडून कपाळाला लावायचे आणि "डॉक्टरने बंद केलं" एवढंच म्हणायचं, हे त्यांनी माझ्यासमोर मुलाबरोबर म्हणून पाहिलं. पहिल्यांदा आवाज फुटेना. धाकट्या भावालाही आमच्याकडच्या एका भेटीला बोलावलं. चहात गोळी घालणारा तोच होता आणि गावच्या बैठकीत शेजारी बसणाराही तोच असणार होता.

गावी निघण्याआधी मी सगळ्यांना समोर बसवून एक गोष्ट स्पष्ट सांगितली. काही आठवडे अफू बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. पूर्वी पचणारी गोळी आता श्वास थांबवू शकते. बुप्रेनॉर्फिनची गोळी चालू असताना कुणी झोपेच्या गोळ्या किंवा दारू दिली तरी तोच धोका. एखादवेळी घेतलीच गेली तर ओरडू नका, त्यांना एकटं झोपू देऊ नका, श्वास मंद वाटला किंवा हाक मारून जागे होत नाहीत असं दिसलं तर १०८ ला फोन करा आणि काय घेतलं ते खरं सांगा. भावाने ते फोनमध्ये लिहून घेतलं आणि बुप्रेनॉर्फिनच्या गोळ्या व डॉक्टरांची चिठ्ठी स्वतःच्या बॅगेत ठेवली.